बदलापुरात तारामाशाचे बिऱ्हाड

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या फाट्याला लागली, की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने ओळीने येतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ ६० किलोमीटर, बदलापूर ६८. या पट्ट्यातली हजारो माणसे रोज समुद्राच्या गावी नोकरीला जातात आणि समुद्राचे तोंडही न पाहता रात्री परत येतात. मी स्वतः तीसपस्तीस वर्षे बँकेत काढली. त्यातली काही वर्षे फोर्टातल्या कचेरीत गेली. चर्चगेटच्या बाजूला पाच मिनिटे चाललो असतो तर समुद्र दिसला असता. पण ५.४२ चुकली तर पुढची गाडी उभ्याने, हा हिशेब डोक्यात पक्का. त्यामुळे समुद्र राहून जायचा.

तशी पाण्याशी आमची ओळख कमी नाही. उल्हास नदी आमच्या दारावरून वाहते, बारवी धरण जवळ आहे, आणि २६ जुलै २००५ काय किंवा जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस काय, पाणी घरात शिरले म्हणजे काय होते हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. इसवी सन १०६० मध्ये बांधलेले अंबरनाथचे शिवमंदिर ज्या वालधुनीच्या काठी उभे आहे, तिच्या पाण्याचा रंग कारखान्यांनी कसा पालटला तेही आम्ही पाहिले. पण हे सगळे गोडे पाणी. खारे पाणी भरतीच्या पाठीवर बसून खाडीतून कल्याणच्या परिसरापर्यंत येते आणि मागे फिरते. प्राचीन काळी कल्याण हे मोठे बंदर होते. त्याच्या पुढे मात्र समुद्राने कधी पाऊल टाकले नाही.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी आमच्या बदलापूरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी समुद्र आणला आहे, असे जेव्हा माझ्या कानावर आले, तेव्हा मी चष्मा पुसून वर गेलो.

घरात मासे पाळणे यात नवल काही राहिलेले नाही. टीव्हीशेजारी काचेची पेटी, तिच्यात चार गोल्डफिश, तळाशी निळे-हिरवे खडे आणि झाकण उघडमीट करणारा प्लॅस्टिकचा खजिना, हे दृश्य आपल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यात फ्रीजइतकेच जुने आहे. कुणी हौसेने ठेवतो, कुणी वास्तुशास्त्रवाल्याने सांगितले म्हणून. माझा या व्यवसायाशी पहिला संबंध आला तो मात्र कर्जवसुलीच्या बाजूने. १९९४ च्या सुमारास मी उल्हासनगरच्या एका शाखेत होतो. काचेच्या टाक्या बनवणाऱ्या आणि मासे विकणाऱ्या एका सिंधी व्यापाऱ्याला आम्ही कॅश क्रेडिट दिलेले. महिन्याच्या महिन्याला स्टॉक तपासायचा. कापडाचे ठाण मोजता येते, फर्निचर मोजता येते. पण पोहणारा माल मोजायचा कसा? त्यातून तो रात्रीत मेला तर तारण कशाचे? मी फॉर्मच्या रकान्यात ‘जिवंत’ आणि ‘इतर’ असे दोन भाग पाडले होते, त्यावरून आमच्या विभागीय कार्यालयाने खुलासा मागवल्याचे आठवते.

ते गृहस्थ कराचीत जन्मलेले. फाळणीनंतर कोवळ्या वयात बोटीने मुंबईला आले आणि कल्याण कॅम्पातल्या लष्करी बराकीत वाढले. त्याच कॅम्पाचे पुढे उल्हासनगर झाले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. त्यांच्या गल्ल्यामागे झूलेलालची तसबीर होती. पल्ला माशावर बसलेला, पांढऱ्या दाढीचा तो जलदेव. ते मला म्हणाले होते, ‘‘मॅनेजरसाब, हमारा तो भगवान भी मछली पे बैठा है, और हमको बसाया पहाड के नीचे.’’ समुद्र हरवलेली माणसे काचेच्या पेट्या विकत होती. त्या वेळी मला त्यात विशेष काही वाटले नव्हते. माझे लक्ष व्याजाकडे होते.

मिठाचे मुद्दल

तिसऱ्या मजल्यावरचा तरुण अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यात नोकरीला आहे. आई मूळची मालवणकडची. हा जन्मला, वाढला बदलापुरात. त्याच्याकडची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे सुमारे अडीचशे लिटर पाणी. अडीचशे लिटर म्हणजे नुसत्या पाण्याचेच अडीचशे किलो वजन. वर काच, वाळू, दगड. सोसायटीच्या सेक्रेटरींनी स्लॅब खचेल म्हणून नोटीस काढली होती. शेवटी टाकी मधल्या जागेतून हलवून बीमच्या वर, भिंतीला लागून ठेवल्यावर प्रकरण मिटले.

मला वाटत होते, नळाचे पाणी भरायचे आणि किराणा दुकानातले मीठ टाकायचे. तो हसला. म्हणाला, ‘‘काका, खायचं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्रात मॅग्नेशियम आहे, कॅल्शियम आहे, पोटॅशियम आहे, आणखी कितीतरी आहे.’’ त्यासाठी तयार सागरी मीठ मिळते. लिटरला साधारण ३५ ग्रॅम. अडीचशे लिटरला पावणेनऊ किलो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून पाणी आधी गाळून शुद्ध करायचे. मग मीठ विरघळवायचे, आणि घनता मोजायची. मापकाचा काटा १.०२५ च्या आसपास आला, म्हणजे समुद्र जमला.

पण जमला म्हणजे नुसता खारट झाला. त्यात जीव सोडायचा नाही. महिना-दीड महिना टाकी रिकामीच चालवायची. पाण्यात प्राणी आला की त्याची घाण आली, घाण कुजली की अमोनिया आला, आणि अमोनिया म्हणजे विष. वाळूत आणि दगडांच्या भोकांत सूक्ष्म जिवाणूंची वस्ती झाली की त्यातले काही या अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते त्या मानाने सौम्य. साठलेले नायट्रेट काढायला दर पंधरवड्याला थोडे पाणी बदलायचे. आमच्याकडे नव्या शाखेत आधी शिपाई, कारकून, कॅशियर नेमतात आणि मग दार उघडतात, तसेच हे. अनेकांच्या टाक्या पहिल्या महिन्यातच मातीमोल होतात, त्या या घाईपायी.

मला सगळ्यांत आवडला तो बाष्पीभवनाचा हिशेब. टाकीतले पाणी रोज थोडे थोडे उडून जाते. मीठ उडत नाही. म्हणजे पातळी उतरली की खारटपणा वाढला. तिथे अडाणी माणूस पुन्हा खारे पाणी ओततो आणि मिठावर मीठ चढते. ओतायचे असते साधे शुद्ध पाणी. मीठ हे मुद्दल आणि पाणी हे व्याज. व्याज रोजच्या रोज भरले तर मुद्दल जागेवर राहते. ही गोष्ट त्या तरुणाला जितकी चटकन कळली होती, तितकी माझ्या कित्येक खातेदारांना जन्मभर कळली नाही.

आणि मग ऊन. बदलापूरचा एप्रिल-मे ज्याने सोसला आहे त्याला सांगायला नको. पारा चाळिशीला टेकतो. टाकीतले पाणी मात्र पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास राहायला हवे. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि नेमकी त्याच वेळी प्राण्याची गरज वाढते. त्यातून दुपारी दोनला वीज गेली, पंप थांबला, की घरातली माणसे आपला घाम विसरून टाकीभोवती गोळा. त्याने बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप ठेवला आहे. पाणी थंड करणारे यंत्र घेतले तेव्हा त्याच्या वडिलांनी विचारले, ‘‘आमच्या खोलीत एसी कधी लावतोस?’’ प्रश्न रास्त होता.

त्याच्या आईचा प्रश्न त्याहून मूलभूत. टाकी पहिल्यांदा लखलखली तेव्हा माउली म्हणाली, ‘‘दर्या घरात हाडलंस रे, पण भरती-सुकती खंयसून हाडतलंस?’’

अंगात समुद्र वागवणारा प्राणी

या टाकीत दोन लहान मासे होते, चार शंखातल्या गोगलगाई होत्या, आणि एक तारामासा. पाच बोटांचा, वाळूच्याच रंगाचा. माझी सात वर्षांची नात सुट्टीत आली की त्याच्यासमोरून हलत नसे. तिच्यामुळे मी या प्राण्याविषयी वाचू लागलो आणि चकित होत गेलो.

तारामासा हा मासा नव्हेच. त्याला कणा नाही, कल्ले नाहीत, पर नाहीत. समुद्री साळू आणि समुद्रकाकडी यांचा तो भाऊबंद. जगात त्याच्या सुमारे १९०० जाती आहेत आणि त्यातली एकही गोड्या पाण्यात राहत नाही. त्याच्या अंगात रक्त नाही. पाठीवर चाळणीसारखा एक छोटा टिपका असतो, तिथून समुद्राचे पाणी आत जाते. आत नळ्यांचे जाळे. त्या नळ्या हातांच्या खालच्या बाजूला शेकडो लवचीक पायांत संपतात. पाण्याचा दाब कमीजास्त करून हे पाय पुढे टाकायचे, चिकटवायचे, सोडवायचे. मेंदू नाही, तरी एवढे पाय एकमेकांत अडकत नाहीत. प्रत्येक हाताच्या टोकाला एक बारीक डोळा असतो. निळ्या तारामाशाला या डोळ्यांनी खडकाची ढोबळ आकृती दिसते आणि तिच्या दिशेने तो परत जातो, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. आणि जेवणाची तऱ्हा अशी, की अनेक जाती शिंपल्याची फट किंचित किलकिली करून आपले जठरच बाहेर काढून आत सरकवतात. अन्न पचवायचे आणि पोट परत आत ओढून घ्यायचे.

२०२३ मध्ये जनुकांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी आणखी एक गंमत दाखवून दिली. इतर प्राण्यांत जी जनुके डोके घडवतात, ती याच्या जवळजवळ सगळ्या अंगावर काम करताना आढळली. धड घडवणारी बाहेरच्या कातडीत सापडलीच नाहीत. म्हणजे तारामासा हे एक चालते डोके आहे. नातीला हे सांगितल्यावर तिने आठवडाभर त्याला ‘डोकेबाज’ म्हणून हाक मारली.

वैद्यकाने तर या प्राण्याचे ऋण मानले पाहिजे. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकॉफ नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ राहत होता. घरची मंडळी सर्कस पाहायला गेलेली. हा एकटाच सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची पारदर्शक पिले पाहत बसला होता. त्याच्या मनात आले, की पिलाच्या अंगात काटा घुसवला तर आतल्या फिरत्या पेशी काय करतील? बागेतला काटा आणून त्याने टोचला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तर पेशींनी काट्याला गराडा घातलेला. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, हे ज्ञान तिथून सुरू झाले. १९०८ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपण लस टोचून घेतो, ताप अंगावर काढतो, त्यामागच्या शास्त्राचा एक धागा त्या पिलापर्यंत जातो.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने १९६३ पासून खडकाच्या एका पट्ट्यातले सगळे तारामासे उचलून समुद्रात भिरकावायला सुरुवात केली. शेजारचा पट्टा तसाच ठेवला. जिथे तारामासे नव्हते तिथे कालवांसारख्या काळ्या शिंपल्यांनी हळूहळू सगळी जागा बळकावली आणि पंधरा जातींचे प्राणी होते ते आठांवर आले. कमानीतला मधला दगड काढला की कमान ढासळते, तसे काही प्राणी सगळी वस्ती तोलून धरतात. ही कल्पना आज जगभरच्या शाळांत शिकवतात, आणि तिचा पहिला नायक तारामासा आहे. २०१३ पासून त्याच पॅसिफिक किनाऱ्यावर तारामाशांची अंगे विरघळवणारी साथ आली. सूर्यफूल तारामासा नावाची मोठी जात नव्वद टक्क्यांहून जास्त नष्ट झाली. कारण शोधायला बारा वर्षे लागली. २०२५ मध्ये एक जिवाणू दोषी ठरला, कॉलऱ्याच्या जंतूच्याच कुळातला.

उपास

आता टाकीकडे वळू. अंगात समुद्रच भरलेला असल्यामुळे तारामाशाला बाहेरच्या पाण्यातला बदल सोसत नाही. माशाला स्वतःच्या अंगातले मीठ सांभाळता येते, याला ते जमत नाही. दुकानातून पिशवीत आणलेला प्राणी सरळ टाकीत सोडला की दोनचार दिवसांत त्याचे हात गळू लागतात. आमच्या तरुणाने ही काळजी घेतली होती. पिशवीतले पाणी भांड्यात काढून, सलाइनसारख्या बारीक नळीने टाकीतले पाणी थेंब थेंब सोडत तीन तास बसला होता. प्राण्याला पाण्याबाहेर हवेतही धरले नाही. तांबे असलेली औषधे माशांना चालतात, तारामाशाला ती विषासारखी, हेही त्याला माहीत होते. त्याचे पाणी निर्दोष होते.

चूक निराळ्या ठिकाणी होती. मुंबईतल्या दुकानदाराने हा तारामासा ‘सफाई कामगार’ म्हणून विकला होता. वाळूत फिरतो, वाळू साफ ठेवतो, वेगळे काही खायला लागत नाही. पहिले दोन वाक्यांश खरे. तिसरा खोटा. वाळूतला तारामासा घाण खात नाही, वाळूतले जीव खातो. बारीक किडे, इवल्या शिंपल्या, चिंगळ्यांसारखे सूक्ष्म प्राणी. समुद्रात त्याच्या पायाखाली अशी वाळू मैलोन् मैल असते आणि प्रत्येक भरती नवे ताट वाढून जाते. इथे चार फूट बाय दीड फूट. दोनतीन महिन्यांत त्याने ती वाळू खाऊन रिकामी केली.

त्यानंतर काय घडले हे मी जवळून पाहिले. घडले असे काहीच नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. कुत्रा उपाशी असला तर दारात येऊन भुंकतो. गाय हंबरते. मासासुद्धा काचेशी येतो. तारामासा रोज संध्याकाळी वाळूतून वर यायचा, टाकीला एक चक्कर मारायचा आणि पुन्हा वाळूत बुडायचा. आम्ही म्हणायचो, काय मजेत आहे. तो अन्न शोधत होता. या प्राण्याचे शरीर काटकसरी असते. उपास पडला की स्वतःचीच साठवण मोडून खाते. मुदत ठेवी मोडून घर चालवणारा माणूस जसा बाहेरून महिनोन् महिने सुस्थितीत दिसतो तसा तो दिसत राहिला. सहाव्या महिन्यात हातांची टोके बारीक झाली. तरुणाने वाचून, विचारून शिंपल्याच्या मांसाचे तुकडे त्याच्या अंगाखाली सरकवायला सुरुवात केली. कधी घेई, कधी तुकड्यावरून निघून जाई. आठव्या महिन्यात एक हात टोकाशी पांढरा पडला आणि चार दिवसांत सगळे संपले.

नातीने मला फोनवर विचारले, ‘‘आजोबा, त्याला भूक लागली होती तर त्याने सांगितलं का नाही?’’ मी तिला सांगितले, की त्याची सांगायची पद्धत आपल्याला वाचता येत नव्हती. तिचे समाधान झाले नाही. खरे तर होऊही नये.

हा एका घरापुरता प्रश्न नाही. दुकानांत दिसणारे बहुतेक तारामासे समुद्रातून धरून आणलेले असतात. गोल्डफिशसारखी त्यांची पैदास टाकीत होत नाही, कारण बहुतेकांची पिले पहिले काही आठवडे उघड्या समुद्रावर तरंगत वाढतात. इंग्लंडमध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने १८५४ मध्ये घरगुती सागरपेटीवर पुस्तक लिहिले. त्याचे वेड असे पसरले, की लोकांनी टोपल्या घेऊन किनारे धुंडाळले. पुढे त्याच्याच मुलाने, एडमंड गॉसने, ते खडकातले डबके कसे लुटले गेले याची खंत १९०७ मध्ये लिहून ठेवली. आपल्याकडे प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात संरक्षण आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात आलेल्या प्रवाळांच्या वसाहती २०२० मध्ये परवानगी काढून दुसरीकडे हलवाव्या लागल्या, ते या कायद्यामुळे. म्हणून समुद्रातून खरवडून आणलेला ‘जिवंत दगड’ कुणी देऊ केला तर तो घेऊ नये. आमच्या तरुणाच्या टाकीत भट्टीत भाजलेल्या मातीचे सच्छिद्र दगड आहेत, आणि जिवाणूंची त्याबद्दल काही तक्रार नाही.

तो तारामासा गेल्यावर टाकी विकून टाकायची, असे त्याने ठरवले होते. गिऱ्हाईकही उल्हासनगरहून येऊन पाहून गेले. त्या रात्री काच पुसताना त्याला कोपऱ्यात नखाएवढा राखाडी ठिपका दिसला. भिंग लावले, तर सहा हातांचा तारा. कुणाकडून तरी घेतलेल्या शेवाळाबरोबर न बोलावता आलेला. हा इवलासा प्रकार टाकीवाल्यांत सगळ्यांना माहीत असतो आणि काहीजण त्याला उपद्रव म्हणून काढून फेकतात. तो काचेवरचा शेवाळाचा पातळ थर खातो आणि मधोमध दुभंगून एकाचे दोन होतो. प्रत्येक अर्धुक आपले उरलेले हात पुन्हा उगवून घेते. म्हणून कुणाचे तीन हात लांब असतात आणि तीन आखूड. त्या टाकीत आज असे वीस-बावीस आहेत. चारशे मैलांवरून पैसे मोजून आणलेला पाहुणा उपाशी गेला आणि फुकट आलेल्या भाडेकरूंचा संसार फोफावला. टाकी विकली गेली नाही. रविवारी सोसायटीतली मुले भिंग घेऊन रांग लावतात.

वाचकांपैकी कुणाला हा छंद करायचाच असेल, तर त्या तरुणाने सांगितलेल्या चार गोष्टी इथे देतो. टाकी सहा महिने-वर्षभर नीट चालल्याशिवाय तारामाशाचे नाव काढू नये. आणण्यापूर्वी ती जात काय खाते हे विचारावे, आणि दुकानदार ‘काही लागत नाही’ म्हणाला तर तिथून निघावे. खडबडीत ठिपक्यांचा, चॉकलेट चिप म्हणून विकला जाणारा तारामासा कोळंबीचा तुकडा हाताने भरवला तर खातो, पण तो टाकीतले शंख-शिंपलेही सोडत नाही. आणि छंद अंगाशी आला म्हणून प्राणी नेऊन समुद्रात सोडू नये. परक्या जाती आणि परके रोग तसेच पसरतात. मोठी टाकी असलेल्या माणसाला द्यावा.

नातीला मात्र मी खरा तारामासा दाखवायचे कबूल केले होते. आमच्या पिढीला शाळेच्या सहलीत मरीन ड्राइव्हचे तारापोरवाला मत्स्यालय असे. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेले, समोरच्या समुद्राशेजारीच समुद्र दाखवणारे. २०१५ मध्ये ते नव्याने सजले होते, पण कोरोनाच्या साथीत त्याचे दरवाजे मिटले आणि मुलांचा तो समुद्र गेला. म्हणून चौकशी केली. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नावाने काही हौशी आणि जाणकार मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर हिंडवून तिथले जीव दाखवतात, हे कळले. मुंबईच्या घाणेरड्या म्हणून हिणवलेल्या किनाऱ्यावर प्रवाळ, समुद्रफुले, खेकडे, ऑक्टोपस असे पुष्कळ काही जगते.

वेळ काढायला कोळ्यांचा जुना ठोकताळा पुरतो. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास, तर ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या आसपास. पाणीही त्या दिवसांत सर्वांत लांब हटते. फेब्रुवारीतल्या एका पौर्णिमेला आम्ही दुपारची गाडी धरली. नात, तिची आजी, मी, तो तरुण आणि त्याची आई. गिरगाव चौपाटीवर पाणी ओसरत चालले होते. भेळेच्या गाड्यांकडे पाठ करून आम्ही ओल्या वाळूवर उतरलो. अर्धा तास काही दिसेना. मग त्या माउलीनेच चपला हातात घेऊन, वाकून, वाळूवर उमटलेली एक पुसट चांदणी दाखवली. बाजूला हातभर अंतरावर उथळ पाण्यात तिचा धनी होता. वाळूच्या रंगाचा, पाच हातांचा, काठांना बारीक काट्यांची झालर असलेला. त्याच्या हातांची टोके भरलेली होती.

नातीने हात पुढे केला आणि स्वतःच मागे घेतला. तारामासा जागचा हलल्यासारखा दिसला नाही, पण त्याच्या कडेने वाळू सरकू लागली आणि मिनिटाभरात तो आमच्या देखत खाली उतरून दिसेनासा झाला. वर फक्त पाच रेघा राहिल्या.

‘‘याला कोण जेवायला घालतं?’’ तिने विचारले.

तरुणाच्या आईने अंधारत चाललेल्या पाण्याकडे बोट केले आणि म्हणाली, ‘‘येतली ती आता. चला, पाय उचला.’’ बदलापूरच्या गाडीलाही उशीर होत होता.